लॅपटॉपवरची अख्खी साडी

हँग झालेलं मशीन आणि हळू चालणारं मशीन यांत फरक आहे, आणि तो मला अजूनही लोकांना समजावून सांगावा लागतो. हँग झालेलं मशीन बंद करून पुन्हा चालू करता येतं, विषय संपला. हळू चालणारं मशीन तुमचं सगळं ऐकतं, पण त्याच्या सवडीने. समोर शेठ बसलेला असला आणि शेठच्या शेजारी बाहेरगावचा व्यापारी, की ती सवड जीव खाते. हे मी सुरतेत शिकलो, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा, रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटात.

आमच्या शेठचा धंदा छापील साड्यांचा. पुढच्या गाळ्यात पांढरी गादी, तिच्यावर शेठ आणि माल घ्यायला आलेला व्यापारी, ज्याला तिथे सगळे पार्टी म्हणतात. मागे प्लायवूडचं पार्टिशन, आणि त्यामागे आम्ही ट्रेसिंगवाले. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट. आधी डिझाइन कागदावर रंगात काढायचं, त्याला ओरिजिनल म्हणायचे. मग त्यातला एकेक रंग वेगळ्या पारदर्शक फिल्मवर काळ्या शाईने उतरवायचा. फुलाच्या लालची एक फिल्म, पानाच्या हिरव्याची दुसरी, कडेच्या बारीक रेघेची आणखी एक. या फिल्म सुरतेबाहेर सचिन नावाचं गाव आहे तिथल्या मिलमध्ये जायच्या, तिथे त्यांच्यावरून छपाईच्या जाळ्या बनायच्या. आठ रंगांची साडी म्हटली की तेच डिझाइन आठ वेळा हाताखालून जायचं. काम डोळे फोडणारं होतं, पण पंख्याखाली बसून करायचं होतं. कडोदऱ्याला लूमवर उभे राहणारे आमच्या गावचे लोक आम्हाला साहेब समजायचे.

टेबलावरचे मुख्य आर्टिस्ट म्हणजे माझे मामा. आईचे सख्खे भाऊ. धुळ्याकडच्या आमच्या गावातून मला त्यांनीच आणलं, लिंबायतच्या आपल्या खोलीत ठेवून घेतलं, हातात ब्रश दिला आणि चुकलो की त्याच ब्रशच्या मागच्या टोकाने बोटांवर मारलं. मार्केटातही सगळे त्यांना मामाच म्हणायचे. त्यांची खासियत म्हणजे बॉर्डरची वेल. ती कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे शोधून सापडायचं नाही. मिलवाले फिल्म उजेडाला धरून म्हणायचे, ही मामांची. खाली सही नसायची, कुणाचीच नसते, पण ओळखायचे. मामांना याचा केवढा अभिमान होता ते सांगायची सोय नाही, कारण तोंडाने ते कधी बोलले नाहीत. फक्त असं कुणी म्हटलं की त्या दिवशी घरी येताना जिलबी घ्यायचे.

त्या वर्षी मामांच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी मला वाटलं थंडी. मग थंडी गेली, कंप राहिला. मामा चहा डाव्या हाताने प्यायला लागले. केसासारख्या बारीक रेघांची फिल्म आली की माझ्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "हाई तू कर." टेबलावर आम्ही शेजारी शेजारी बसायचो म्हणून हे खपून गेलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नसांचं काहीतरी सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि उतारा पडेलच असं नाही हेही सांगितलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मामा एवढंच बोलले, "कोणले सांगू नको." मी नाही सांगितलं. आर्टिस्टचा हात हलतो असं मार्केटात एकदा पसरलं, की मग त्याने पुढे काहीही काढलं तरी लोक आधी हाताकडे बघतात. मामांना कामाची काळजी थोडी होती, या बघण्याची फार होती.

अशात शेठच्या मेव्हण्याने अमेरिकेहून लॅपटॉप आणला. जाडजूड, काळा, कीबोर्डच्या मध्ये माऊसऐवजी एक फिरता गोळा. त्याच्याबरोबर डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि ओरिजिनल आत घ्यायला एक स्कॅनर. मी उधन्याला कॉम्प्युटरचा क्लास केला होता, म्हणून ते सगळं माझ्या गळ्यात पडलं. शेठचं म्हणणं सरळ होतं. दिवाळीच्या सीझनआधी हे मशीन पार्टीसमोर धावलं तर फिल्म यापुढे मशीनवर निघतील. नाही धावलं तर लॅपटॉप मेव्हण्याला परत, आणि सीझनचं सगळं काम पुन्हा टेबलावर.

टेबलावरच्या बाकी लोकांना मशीन बंद पडलेलं हवं होतं, हे उघडच आहे. मला आणि मामांना ते चालायला हवं होतं. मशीन चाललं तर मामांनी कागदावर एकदा ओरिजिनल काढायचं, मोठं, निवांत, हात टेकवून. पुढचं सगळं माझ्याकडे. नाही चाललं तर सीझनला रोज फिल्मचा ढीग, चार लोकांच्या डोळ्यांदेखत, भराभर. मामांचा हात नवरात्रापर्यंतसुद्धा झाकून राहिला नसता.

आणि हे मशीन काही चालेना.

म्हणजे चालायचं. फाइल उघडली की वाळूचं घड्याळ यायचं आणि बसून राहायचं. बाजूला एक छोटा दिवा होता, तो लुकलुकत राहायचा आणि आतून कुरकुर आवाज यायचा. मग वरून खाली, पट्टी-पट्टीने साडी उतरायची. फूल जरा बाजूला सरकवलं की पुन्हा पहिल्यापासून. शेठने एकदा एका पार्टीला मशीन दाखवायला बोलावलं. चहा आला, पिऊन झाला, पान आलं, आणि पडद्यावर अजून पदरच उतरत होता. पार्टीने सभ्यपणे घड्याळाकडे बघितलं. मालेगावचा एक आर्टिस्ट होता आमच्यात, तोंडाचा भारी चावट, तो म्हणाला, "काय रे, तुझ्या मशीनला पण चहा पाज ना. बिचारं उपाशी दिसतंय."

मग सुरू झाले उपचार. आधी शेठने एक इंजिनिअर बोलावला. त्याने गळ्यातली बॅग खाली ठेवायच्या आत सांगितलं, व्हायरस आहे. फ्लॉपी घालून तपासलं, व्हायरस नव्हता. म्हणाला, मग मेमरी कमी आहे. त्यात तथ्य होतं. पण त्या लॅपटॉपची मेमरी सुरतेत कुणाकडे नव्हती, मुंबईहून मागवावी लागली. ती बसवल्यावर पदर जरा लवकर उतरू लागला, बाकी साडी होती तिथेच. शेठचं स्वतःचं निदान वेगळं होतं. त्यांच्या मते मशीनला गरमी सोसत नव्हती. म्हणून लॅपटॉप त्यांच्या एसीच्या केबिनमध्ये गेला आणि त्याच्यामागोमाग मीही गेलो. तिथे मला सर्दी झाली. मशीन होतं तसंच राहिलं.

हार्ड डिस्क भरली की असं होतं हे मला क्लासमध्ये शिकवलं होतं. मेमरीत मावलं नाही की मशीन डिस्कवर मांडामांड करायला जातं, तो लुकलुकणारा दिवा त्याचाच. म्हणून नको ते सगळं पुसलं. मेव्हण्याने भरलेले पत्त्यांचे खेळ काढले. पडद्यावर शेठने देवाचा मोठा रंगीत फोटो लावला होता, तोही काढला, कारण तो उगीच मेमरी खात होता. दुसऱ्या दिवशी शेठने मशीन उघडलं आणि दर्शन नाही म्हणून असे लाल झाले की विचारू नका. फोटो परत लावला. देव मेमरी खातो हे शेठला कोणत्या तोंडाने सांगणार? हात टेकले मी.

एक दिवस दुपारी असाच वाळूचं घड्याळ बघत बसलो होतो आणि खरं सांगतो, लॅपटॉप उचलून खालच्या हातगाडीवर टाकावासा वाटत होता. वैतागून फाइल बंद केली आणि सॉफ्टवेअरबरोबर नमुन्याला आलेलं एक चित्र उघडलं. पोपट होता. पोपट झटकन उघडला. मोठा केला, झाला. उलटा केला, झाला. मी सरळ बसलो. मशीन आळशी नव्हतं तर. मग मी मामांच्या ओरिजिनलमधली एकच बुटी कापून वेगळी उघडली. तीही पोपटासारखीच पळाली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि स्वतःचंच हसू आलं. टेबलावर आम्ही अख्खी साडी कधीच काढत नव्हतो. एक बुटी, तिच्या आजूबाजूचं जेवढं पुन्हा पुन्हा येतं तेवढं, बॉर्डरचा एक तुकडा, आणि पदर. बाकी साडी मिल आपली आपण छापून पुरी करते. ही गोष्ट मला झोपेतही ठाऊक होती. पण मशीनवर मात्र मी तीच बुटी चिकटवत चिकटवत साडेपाच मीटरची साडी उभी केली होती, पदरापासून निऱ्यांपर्यंत, तीही छपाईला लागते तेवढी बारीक. कारण शेठला तशी हवी होती. गादीवर माल अख्खा उलगडायचा, ही मार्केटातली रीत. शेठच्या मनात तर पक्कं होतं की बोहणीच्या वेळी कापलेला तुकडा दाखवला की सौदाही कापला जातो. कागदावरचा तुकडा त्यांना चालायचा, कारण तो पार्टिशनच्या मागे राहायचा. पडदा मात्र गादीवर येणार होता, म्हणून पडद्यावरही अख्खी साडी.

दुसरी भानगड रंगांची. साडी आठ रंगांची. पण स्कॅनरला काय कळतंय? त्याने कागदाचा पिवळेपणा घेतला, ब्रशचे फराटे घेतले, रेघेच्या कडेला शाई पातळ झालेली ती घेतली, आणि आठाचे लाखो रंग करून ठेवले. साडेपाच मीटरभर हे लाखो रंग ते बिचारं मशीन ओढत होतं.

मी शेठला सांगितलं, फाइल तुकड्यांची करू. शेठ म्हणाले, "अडधी साडी कोण जुए?" अर्धी साडी कोण बघणार, हा त्यांचा सवाल. मी म्हटलं, गादीवर अख्खीच दाखवा. तिचं एक हलकं चित्र वेगळं करतो, दुरून बघण्यापुरतं. आणि जवळून बघायचं असेल तर बुटी, बॉर्डर, पदर वेगळे उघडा, ते कामाचे. पहिल्यांदा अख्खी उघडणार ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. हो म्हटल्यावर कुठे तयार झाले.

रविवारी मार्केट बंद असतं, तेव्हा मी ते काम करायला गेलो. मामाही डबा घेऊन सोबत आले. सगळे तुकडे केले, मग लाखो रंग मारून आठ केले. फाइल एवढीशी झाली. बॉर्डर उघडली तर घड्याळ यायच्या आतच समोर. मामा डब्यातली भाकरी हातात तशीच ठेवून बघत राहिले. त्या खोलीत त्या क्षणी माझ्याइतका खूश माणूस नव्हता. मी गोळा फिरवून वेल मोठी केली, आणखी मोठी केली.

आणि वेल हलत होती. कागदावर कधी दिसलं नव्हतं. कडेला शाईचा धूसरपणा असायचा, त्यात ते दडून जायचं. मी रंग आठ केले तेव्हा तो धूसरपणाही गेला आणि कड सुरीने कापल्यासारखी साफ झाली. त्या साफ कडेवर मामांच्या हाताचा कंप दातेरी होऊन उमटला होता, देठापासून टोकापर्यंत. मी घाईने वेल लहान केली. पण मामांनी पाहिलं होतं. त्यांनी भाकरी डब्यात ठेवली, चष्मा पुसला, परत लावला. मी पुन्हा वेल मोठी केली आणि एकेक ठिपका काढून कड सरळ करायला बसलो.

"काय करी ऱ्हायना?" मामांनी विचारलं.

"सफाई," मी म्हटलं.

"कर," ते म्हणाले, आणि खिडकीपाशी जाऊन बसले.

बुटी झाली, पदर झाला. बॉर्डर अर्धी राहिली. ती आठवड्यात संपवू असा हिशोब होता, कारण इंदूरची मोठी पार्टी गुरुवारी येणार होती. ती सोमवारी सकाळीच येऊन गादीवर बसली. लॅपटॉप केबिनमधून गादीवर नेला तेव्हा मी मनातल्या मनात शेठच्या देवालाच हात जोडले, मेमरी खा पण आज सांभाळ.

साडी उघडली. अख्खी, एका झटक्यात. चहावाला अजून कप मांडत होता. पार्टी पुढे सरकून बसली. शेठने रंग बदलायला सांगितला, लालचा जांभळा झाला. बुटी उघडली, पदर उघडला. शेठचा चेहरा फुलला. त्यांनी आत हाक मारली, मामा, बाहेर या, डिझाइन कुणाचं ते पार्टीला बघू द्या. मामा पार्टिशनच्या दारात येऊन उभे राहिले. शेठने लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला आणि गोळा फिरवू लागले. त्या दिवशी त्यांना मोठं करण्याचा नादच लागला. फूल मोठं केलं, पाकळी मोठी केली. मग बॉर्डरवर आले. मी म्हटलं, शेठ, बॉर्डरचं काम बाकी आहे. त्यांनी ऐकलं नाही. मोठी, आणखी मोठी.

वेल पडदाभर झाली आणि शेठचा हात थांबला. ते बराच वेळ बघत राहिले. मग मला विचारलं, हे काय आहे, मशीनमध्ये बिघाड आहे का?

हो म्हणणं सगळ्यात सोपं होतं. पण हो म्हटलं की मशीन परत, फिल्म टेबलावर, आणि मामांचा हात चार लोकांसमोर. हे सगळं माझ्या डोक्यातून एका दमात गेलं. मी म्हटलं, "नाही शेठ, मशीन ठीक आहे. ही बॉर्डर मी काढली. माझा हात बसला नाही अजून."

शेठला ते पटलं. नव्या पोराकडून असं होतं, एवढं बोलून ते पुढे जाणार, तोच दारातून मामांचा आवाज आला.

"शेठ, बॉर्डर मेरी है. इसको अभी ऐसी बेल आती नहीं."

मामा दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला, तळवा खाली, जसा डॉक्टरांपुढे केला होता. हात हलत होता. इंदूरची पार्टी चहाच्या कपात बघायला लागली. शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी हळूच म्हटलं, "बेसो, मामा." मामा बसले नाहीत, आत गेले.

पुढचं थोडक्यात सांगतो. पार्टीने डिझाइन पसंत केलं, कारण कापडावर त्यातलं काहीच दिसणार नव्हतं. लॅपटॉप राहिला, दिवाळीनंतर काचेचं टेबल निघालं. मामांना कुणी काढलं नाही. पण संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं होतं, आणि मालेगाववालासुद्धा मामांशी आदराने बोलायला लागला. ते मामांना फार लागलं. शिमग्याच्या आधी ते गावी निघून गेले.

त्या सोमवारी आम्ही रिक्षाने घरी चाललो होतो. उधना दरवाज्यापाशी गर्दीत रिक्षा अडकली होती. मी रागावलो होतो, आणि मामांवरच रागावलो होतो. महिनोन्महिने झाकलेलं त्यांनी एका वाक्यात उघडं केलं होतं, आणि तेही मी सावरून घेतल्यावर. शेवटी मी म्हटलं, "मामा, मी बोललो होतो ना, माझी म्हणून. तुमचं नाव राहिलं असतं."

मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात मांडीखाली दाबून धरला होता.

"नाव वाचाडाले मनी वेल दुसराले दी टाकू का रे?"

नाव वाचवायला स्वतःची वेल दुसऱ्याला देऊन टाकू का, एवढंच विचारलं त्यांनी. मला रडू आलं. रिक्षावाला मागे वळून बघत होता, म्हणून मी तोंड बाहेर काढलं.